लहान, बिनतारी, यांत्रिक: कीबोर्डच्या तीन गुणांचा आढावा

लहान आकाराचा बिनतारी यांत्रिक कीबोर्ड हे वरवर पाहता एकच उपकरण असले, तरी त्याच्या नावातील तीन विशेषणे तीन निरनिराळ्या गरजांतून आलेली आहेत. यांत्रिकपणाचा संबंध बोटांना मिळणाऱ्या प्रतिसादाशी आहे, लहान आकाराचा मेजावरच्या जागेशी आणि हातांच्या हालचालीशी, तर बिनतारीपणाचा एकाच कीबोर्डवरून संगणक, टॅब्लेट आणि फोन चालवण्याच्या सोयीशी. हे तीन गुण एकमेकांना पूरक ठरतातच असे नाही. यांत्रिक स्विचमुळे उपकरणाची जाडी आणि वजन वाढते, आकार लहान केला की काही कळा गाळाव्या लागतात आणि बॅटरीसाठी जागाही अपुरी पडते, आणि तार काढली की वेग, वीज व सुरक्षितता हे तारेमुळे आपोआप सुटलेले प्रश्न नव्याने सोडवावे लागतात. त्यामुळे अशा कीबोर्डचे मूल्यमापन करताना त्यात काय काय आहे एवढे पाहून भागत नाही. त्या प्रत्येक सोयीसाठी काय सोडावे लागले आणि ते नेमके कोणाला लागत होते, हे तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते. मराठी मजकूर लिहिणाऱ्यासाठी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण देवनागरीला रोमन लिपीपेक्षा जास्त कळा लागतात आणि कळा गाळण्याचे निर्णय मात्र रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घेतले गेले आहेत.

तीन स्वतंत्र वाटा

हे तिन्ही गुण जवळपास एकाच काळात, पण वेगवेगळ्या उपकरणांत अवतरले. आयबीएम या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'पीसीज्युनिअर' या घरगुती संगणकासोबत ६२ कळांचा, अवरक्त किरणांनी संदेश पाठवणारा बिनतारी कीबोर्ड दिला होता. त्यात वरची फंक्शन कळांची ओळ नव्हती आणि ती कामे 'एफएन' नावाची कळ आकड्यांसोबत दाबून करावी लागत. आजच्या लहान बिनतारी कीबोर्डची बरीचशी रूपरेषा त्यात दिसते, परंतु सुट्या, चपट्या, रबरी स्पर्शाच्या कळांमुळे त्यावर टंकन करणे त्रासाचे झाले आणि टीका इतकी वाढली की कंपनीला १९८४ मध्ये सुधारित कीबोर्ड द्यावा लागला. याच कंपनीचा १९८५ पासूनचा 'मॉडेल एम' मात्र स्प्रिंग वाकून टिचकीसारखा आवाज करणाऱ्या यंत्रणेमुळे आजही नावाजला जातो. तो १०१ कळांचा, जड आणि तारेचा होता. चेरी या कंपनीची 'एमएक्स' ही स्विचमालिकाही १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातलीच.

लहान आकाराचा विचार स्वतंत्रपणे पुढे नेला तो जपानमध्ये. संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेवरून पीएफयू या कंपनीने १९९६ मध्ये 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' बाजारात आणला. त्यात अवघ्या ६० कळा ठेवून नंबर पॅड वगळण्यात आला आणि बाण व फंक्शन ही मंडळी एफएन कळीच्या आड पाठवण्यात आली. तरीही लहान, बिनतारी आणि यांत्रिक हे तिन्ही गुण सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात एकत्र येण्यास आणखी बराच काळ जावा लागला, आणि त्यामागे मुख्यतः तीन कारणे होती. मोबाइल फोनमुळे लिथियम बॅटऱ्या स्वस्त आणि चपट्या झाल्या. २०१० च्या ब्लूटूथ ४.० मानकात अत्यंत कमी वीज खाणारी जोडणी आली. आणि चेरीच्या मूळ स्विचवरील पेटंटची मुदत संपल्याने गेटेरॉन, कैल्ह, आउटेमू अशा चिनी उत्पादकांना त्याच मापाचे स्विच खुलेपणाने बनवता येऊ लागले. त्यानंतरच्या काही वर्षांत कीक्रॉनसारख्या कंपन्यांनी ८४ किंवा ६८ कळांची, तीन उपकरणांशी जोडता येणारी मॉडेले आणली आणि या प्रकाराला व्यापक बाजारपेठ मिळाली.

स्विच: यांत्रिकपणाचा गाभा

साध्या स्वस्त कीबोर्डमध्ये सर्व कळांखाली रबरी घुमटांचा एकच पापुद्रा असतो आणि कळ तळापर्यंत दाबली तरच घुमट चेपून विद्युतमंडल पूर्ण होते. यांत्रिक कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात वरखाली सरकणारा प्लास्टिकचा दांडा, त्याला परत वर ढकलणारी स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. चेरीच्या प्रमाण स्विचमध्ये कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण २ मिलिमीटरवरच पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि कळ नोंदली जाते. याचा अर्थ कळ तळावर आपटण्याची गरज उरत नाही, आणि सरावलेली बोटे कमी श्रमात पुढच्या कळीकडे वळू शकतात.

दांड्याच्या आकारानुसार स्विचचे तीन वर्ग पडतात. सरळ उतरणारा 'लिनिअर' स्विच कोणताही अडथळा न देता खाली जातो. लाल रंगाचा स्विच या वर्गातला असून तो नोंदवण्यासाठी सुमारे ४५ ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. 'टॅक्टाइल' स्विचमध्ये मध्यावर एक हलका उंचवटा बोटाला जाणवतो, त्याचा परिचित नमुना तपकिरी रंगाचा आहे. 'क्लिकी' वर्गातील निळा स्विच त्या उंचवट्यासोबत स्पष्ट टकटक आवाजही करतो. घरी एकट्याने काम करणाऱ्याला हा आवाज लय देतो. वाचनालयात किंवा माणसांनी भरलेल्या कार्यालयात तोच शेजाऱ्याला नकोसा होतो, म्हणून सामायिक जागेसाठी पहिले दोन वर्गच योग्य ठरतात.

लहान बिनतारी कीबोर्ड प्रवासात नेण्यासाठी घेतला जात असल्याने जाडीचा प्रश्न येतो. त्यावर उत्तर म्हणून कमी उंचीचे स्विच निघाले. चेरीच्या अशा स्विचमध्ये एकूण प्रवास ३.२ मिलिमीटर आणि नोंदणी १.२ मिलिमीटरवर होते. मनगटे कमी उचलावी लागतात हा त्यांचा लाभ आहे, पण त्यांना बसणाऱ्या कळटोप्यांची, म्हणजे कळीवर बसवलेल्या अक्षरांकित प्लास्टिकच्या झाकणांची, निवड फारच मर्यादित असते.

कळा गाळण्याचे गणित

कीबोर्डचा आकार टक्क्यांत सांगण्याची रीत रूढ आहे. दोन शेजारच्या कळांच्या मध्यबिंदूंतील अंतर सर्वसाधारणपणे १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच असते आणि लहान कीबोर्डमध्येही ते कायम ठेवले जाते. लहान होतो तो कळांचा समुच्चय. १०४ कळांच्या पूर्ण कीबोर्डवर कळांची रुंदी सुमारे ४३ सेंटिमीटर भरते. नंबर पॅड काढला की ८७ कळा आणि सुमारे ३५ सेंटिमीटर उरतात. '७५ टक्के' रचनेत बाण आणि फंक्शन कळांची ओळ राखून मधल्या फटी मिटवल्या जातात, त्यामुळे ८४ च्या आसपास कळा साधारण साडेतीस सेंटिमीटरांत मावतात. '६५ टक्के' रचनेत फंक्शन ओळ जाते पण बाण राहतात, आणि '६० टक्के' रचनेत बाणही जाऊन ६१ कळा सुमारे साडेअठ्ठावीस सेंटिमीटरांत बसतात. '४० टक्के' रचनेत आकड्यांची ओळसुद्धा काढून टाकलेली असते.

गाळलेल्या कळा नाहीशा होत नाहीत, त्या 'थरां'त जातात. एफएन कळ दाबून धरली की त्याच कळांना दुसरा अर्थ प्राप्त होतो आणि त्या अर्थांच्या संचाला थर म्हणतात. यामुळे माऊस उजव्या हाताच्या जवळ येतो, खांदा बाहेर ताणावा लागत नाही आणि बोटे मधल्या ओळीवरून फारशी हलत नाहीत, हा खरा लाभ आहे. त्याचे मोल द्यावे लागते ते स्मरणशक्तीला, कारण जी गोष्ट आधी एका कळीत होत होती, तिला आता दोन कळांची जोडी लक्षात ठेवावी लागते.

हे मोल कोणाला परवडते, हे कामावर अवलंबून असते. टॅली या हिशेबाच्या प्रणालीत काम करणाऱ्याच्या बोटांवर एफ४ ते एफ९ या कळा कोरलेल्या असतात: एफ५ ने अदायगीचे, एफ६ ने जमेचे, एफ८ ने विक्रीचे व्हाउचर उघडायचे आणि रकमा नंबर पॅडवर न बघता टाकायच्या. त्याच्यासाठी ६० टक्के रचना म्हणजे दिवसभरातील जवळजवळ प्रत्येक नोंदीला एक जादा कळ, आणि ७५ टक्के रचनाही नंबर पॅडअभावी अपुरीच. लेखक, अनुवादक, मुद्रितशोधक यांना मात्र बाणांच्या कळा सतत लागतात आणि फंक्शन ओळ क्वचित. त्यांना ६५ किंवा ७५ टक्के रचना सहज मानवते.

मराठी लेखनाची कसोटी

मराठीसाठी हे गणित निराळे होते, आणि बाजारातील आढाव्यांत हा भाग बहुधा सुटून जातो. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही. कोणती कळ दाबली तिचा क्रमांक तो पाठवतो, आणि त्या क्रमांकाला 'क' समजायचे की रोमन अक्षर, हे संगणकातील निवडलेली भाषारचना ठरवते. म्हणून कळांवर देवनागरी छापलेली नसली तरी कोणत्याही कीबोर्डवर मराठी लिहिता येते, मात्र त्या रचनेला लागणारी कळ अस्तित्वात असली पाहिजे.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. इंग्रजीला उजव्या हाताकडील विरामचिन्हांच्या कळा अधूनमधून लागतात. इन्स्क्रिप्टमध्ये तिथेच मराठीची रोजची व्यंजने बसलेली आहेत. सेमिकोलनच्या कळीवर च आणि छ, तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट आणि ठ, डाव्या चौकटी कंसावर ड आणि ढ, तिरक्या रेघेवर य. उलट्या तिरक्या रेघेवर 'ऑफिस' किंवा 'डॉक्टर' यांतले ऑ आणि ॉ आहेत, बरोबरच्या चिन्हावर ृ आणि ऋ, आणि आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसह त्र, ज्ञ, क्ष, श्र ही जोडाक्षरे. 'राष्ट्र' हा एक शब्द लिहिताना र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशा सात नोंदी होतात, त्यांत ष स्वल्पविरामाच्या कळीवर शिफ्टसह येतो आणि ट अवतरणचिन्हाच्या. ज्या ४० टक्के कीबोर्डवर आकड्यांची ओळ आणि कंसांच्या कळा थरात गेलेल्या असतात, तिथे इंग्रजी लिहिणाऱ्याची किरकोळ गैरसोय होते. मराठी लिहिणाऱ्याला मात्र 'कृपा'तला ऋकार आणि 'घोडा'तला ड एफएन कळीवाचून लिहिता येत नाही.

६० टक्के रचनेत अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांचा मुख्य पट्टा पूर्ण असतो. तिथे एकच कळ धोक्यात येते, ती म्हणजे आकडा एकच्या डावीकडची, कारण तिच्या जागी बहुधा 'एस्केप' बसवलेली असते. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळीवर ऱ्हस्व ओची चिन्हे आहेत आणि ती मराठीत लागत नाहीत, त्यामुळे इन्स्क्रिप्टने लिहिणाऱ्याचे काहीच अडत नाही. टंकयंत्राच्या रेमिंग्टन रचनेवर आणि कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्याची स्थिती वेगळी आहे: त्या फॉन्टमध्ये नेमक्या त्याच कळीवर ृ आणि हलन्त आहेत, आणि 'क्र'सारखी अक्षरे ऑल्ट दाबून धरून नंबर पॅडवर ०२१६ असे आकडे टाकून मिळवावी लागतात. विंडोजमध्ये हे आकडे वरच्या ओळीवरून टाकलेले चालत नाहीत. मुद्रणालये, झेरॉक्स-टायपिंगची दुकाने आणि जुन्या फायलींवर काम करणारी कार्यालये यांनी लहान कीबोर्ड घेण्यापूर्वी युनिकोडकडे वळावे किंवा सुटा नंबर पॅड जोडावा, हे दोनच मार्ग उरतात.

तार काढल्यानंतर

बिनतारी जोडणीचे दोन प्रकार प्रचलित आहेत. ब्लूटूथ हे सार्वत्रिक मानक असल्याने फोन, टॅब्लेट, लॅपटॉप अशा बहुतेक उपकरणांशी ते थेट जुळते, आणि एफएनसोबत १, २ किंवा ३ दाबून तीन उपकरणांत अदलाबदल करता येते. दुसऱ्या प्रकारात यूएसबी खाचेत एक छोटा ग्राहक (रिसीव्हर) बसवावा लागतो आणि तो त्याच कंपनीच्या कीबोर्डशी २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर बोलतो. दोन्ही जोडण्या एकाच लहरीपट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला.

वेगाच्या दृष्टीने तार आणि चांगला ग्राहक सेकंदाला १,००० वेळा कळांची स्थिती कळवू शकतात. कमी विजेच्या ब्लूटूथमध्ये दोन संपर्कांतील अंतर, ब्लूटूथ ४ पासूनच्या नेहमीच्या मर्यादेनुसार, किमान ७.५ मिलिसेकंद असते, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १३३ संपर्क. वेगवान खेळ खेळणाऱ्याला हा फरक जाणवू शकतो. मिनिटाला ४० शब्दांच्या गतीने लिहिणाऱ्याच्या दोन कळांमध्ये मात्र सुमारे ३०० मिलिसेकंद जातात, त्यामुळे लेखनाच्या कामात तो नगण्य आहे. लिहिणाऱ्याला खरा त्रास होतो तो झोपेचा: वीज वाचवण्यासाठी काही मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर कीबोर्ड जोडणी सोडतो, आणि पुन्हा जोडला जाईपर्यंत दाबलेली पहिली एकदोन अक्षरे गळू शकतात. तसेच संगणकाची कार्यप्रणाली सुरू होण्याआधीच्या पडद्यावर ब्लूटूथ बहुधा चालत नाही, म्हणून तारेनेही जोडता येणे ही सोय अत्यावश्यक मानावी.

ग्राहक वापरूनही कळा अडखळू लागल्या तर दोष अनेकदा कीबोर्डचा नसतो. यूएसबी ३.० च्या खाचांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले होते. ग्राहक जुन्या यूएसबी २.० च्या खाचेत लावला, किंवा वीतभर लांबीच्या जोडतारेने संगणकापासून थोडा दूर नेला, तर अडचण बहुधा मिटते.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे, कारण कीबोर्डवरून बँकेचा पासवर्डही जातो. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी काही बिनतारी कीबोर्ड कळांचे संदेश कोणत्याही सांकेतिक आवरणाविना पाठवत असल्याचे आणि ते दूरवरून वाचता येत असल्याचे उघड केले. २०२३ मध्ये ब्लूटूथच्या हाताळणीतील एक उणीव उजेडात आली, जिच्यामुळे वापरकर्त्याच्या संमतीशिवाय खोटा कीबोर्ड जोडून कळा घुसवता येत होत्या; ती अँड्रॉइडपासून लिनक्सपर्यंत अनेक प्रणालींत होती आणि सुधारणांनी बुजवण्यात आली. यावरून निघणारे नियम सोपे आहेत: संदेश सांकेतिक करणारी जोडणी असल्याची खात्री करावी, कार्यप्रणाली अद्ययावत ठेवावी आणि अतिगोपनीय कामासाठी तार वापरावी. भारतात बिनतारी कीबोर्ड अनिवार्य नोंदणीच्या कक्षेत येत असल्याने भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहणेही योग्य ठरते.

बॅटरी, दिवे आणि आयुष्य

या कीबोर्डमधील बॅटरी ४,००० मिलिअँपिअर-तासांची असू शकते, परंतु ती किती दिवस पुरेल हे रेडिओपेक्षा कळांखालच्या दिव्यांवर ठरते. दिव्यांसह उपकरण सरासरी १०० मिलिअँपिअर वीज घेत असेल तर अशी बॅटरी ४० तासांत संपेल. दिवे बंद ठेवून ती गरज ५ मिलिअँपिअरवर आली, तर हिशेबाने ८०० तास मिळतील. म्हणून 'इतके तास चालतो' हे विधान दिव्यांच्या स्थितीसह वाचल्याशिवाय निरर्थक आहे. उत्पादक यांत्रिक स्विचचे आयुष्य पाच कोटी दाबांच्या घरात सांगतात, तर लिथियम बॅटरीची क्षमता काही वर्षांतच घटत जाते. कवच स्क्रूने उघडून बॅटरी बदलता येत नसेल, तर टिकाऊ स्विचसाठी दिलेली किंमत वाया जाते.

टिकाऊपणाशी जोडलेली आणखी तीन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. 'हॉट-स्वॅप' रचनेत स्विच डाख न लावता खाचेत बसवलेला असतो, त्यामुळे बिघडलेला एकच स्विच चिमट्याने काढून दोन मिनिटांत नवा घालता येतो. कळटोप्या एबीएस किंवा पीबीटी प्लास्टिकच्या असतात; पहिल्या प्रकारावर बोटांच्या तेलाने चकाकी चढते, दुसरा जास्त काळ खरखरीत राहतो. तिसरे वैशिष्ट्य फर्मवेअरचे, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या आज्ञावलीचे. क्यूएमके ही मुक्त आज्ञावली प्रामुख्याने तारेच्या कीबोर्डसाठी वाढली, तर झेडएमके मुळातच बिनतारी जोडणी व वीजबचत लक्षात घेऊन लिहिली गेली. त्यांच्या साहाय्याने कोणतीही कळ हवी तिथे हलवता येते, आणि तो बदल कीबोर्डमध्येच साठत असल्याने दुसऱ्याच्या संगणकावरही टिकतो. लहान कीबोर्डमध्ये ही सोय सर्वांत मोलाची आहे, कारण निर्मात्याने गाळलेली कळ वापरणाऱ्याला तिच्यामुळेच सोयीच्या जागी परत आणता येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, या उपकरणाच्या बाबतीत स्विचचा रंग आणि दिव्यांची रोषणाई यांवर जितकी चर्चा होते, तितकी कळांच्या रचनेवर होत नाही, आणि निर्णय चुकतो तो तिथेच. स्विच बदलता येतो, दिवे बंद करता येतात, ब्लूटूथ नको असेल तेव्हा तार लावता येते. नसलेली कळ मात्र फार तर थरात सापडते. इन्स्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्यासाठी ६० टक्के ही आकाराची खालची मर्यादा समजावी आणि बाणांच्या कळांसाठी शक्यतो ६५ किंवा ७५ टक्के रचना निवडावी. तार, ब्लूटूथ आणि ग्राहक अशा तिन्ही मार्गांनी जोडता येणारा, उघडता येणारा आणि ज्याच्या कळा पुन्हा नेमून देता येतात असा कीबोर्ड पसंत करावा. हिशेबनीस आणि जुन्या फॉन्टवर काम करणारे यांनी नंबर पॅडचा त्याग करू नये. आणि देवनागरी आखणी छापलेल्या, मुख्य पट्टा अखंड राखलेल्या लहान यांत्रिक कीबोर्डची मागणी मराठी वापरकर्त्यांनी उत्पादकांकडे स्पष्टपणे नोंदवली पाहिजे, कारण कोणत्या कळा अनावश्यक आहेत हे ठरवण्याचा अधिकार त्या लिपीत रोज लिहिणाऱ्यांचा आहे.